त्यानं विचारलं होतं, मी ‘नाही’ म्हणालो

“सीबीनॅट पॉझिटिव्ह आलंय,” तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

सीबीनॅट म्हणजे बेडक्याची तपासणी. खोकून काढलेल्या बेडक्यात क्षयाचे, म्हणजे टीबीचे जंतू आहेत का, हे त्यात काही तासांत कळतं. माझ्या बायकोच्या, अलकाच्या बेडक्यात ते होते.

मॅडम माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारलं, “घरात याआधी कुणाला टीबी झाला होता का?”

मी म्हणालो, “नाही.”

अलका शेजारी स्टुलावर बसली होती. तोंडाला मास्क, त्यावरून पदर. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत समोर बघायला लागली. मॅडमनी फॉर्मवर रेघ ओढली आणि पुढच्या रकान्याकडे गेल्या.

माझं ते ‘नाही’ दुसरं होतं. पहिलं मी त्याच्या दोन महिने आधी माझ्या फोनला म्हणालो होतो. ज्यांच्या घरात आज कुणी खोकतंय आणि ज्यांच्या हातात माझ्यासारखाच फोन आहे, त्यांच्यासाठी ही हकिगत लिहितो आहे.

मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात. मी दुधाचं सॅम्पल घेतो, मशीनखाली धरतो, मिनिटाभरात काचेवर फॅटचा आकडा येतो. हे मशीन नवं आलं तेव्हा गावात त्याच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. किसननाना म्हणून आमचे एक जुने दूधवाले आहेत. त्यांनी तर एकाच म्हशीचं दूध दोन किटल्यांत आणलं. एक स्वतःच्या नावावर, दुसरी सुनेच्या हाती तिच्या नावावर. दोन्हीचा आकडा एकच आला. नाना घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची कटकट बंद झाली.

एकदा मात्र त्यांनी मलाच पकडलं. गर्दी होती, मी घाईत किटली न ढवळताच वरचं दूध घेतलं. साय वर येते, त्यामुळे आकडा फुगला. नाना म्हणाले, “बाळू, माझी म्हस एका रातीत एवढी सुधारली व्हय? ढवळ की आधी.” स्वतःच्या फायद्याचा आकडा त्यांनी नाकारला. सगळे हसले, मीही हसलो. त्यात मला शिकण्यासारखं काही होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास अलकाला खोकला लागला. तिचं वय चव्वेचाळीस. आधी वाटलं, कुट्टीची, म्हणजे बारीक तोडलेल्या चाऱ्याची धूळ. गूळ-हळद झाली, मेडिकलमधून बाटली आणली. खोकला हटेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. ब्लाउज सैल झाले म्हणून तिनं एका रविवारी चारही आत घेतले. मी ते पाहिलं होतं. सुईत दोरा मीच ओवून दिला होता.

फोनमध्ये एआयचं एक ॲप मुलीनं टाकून दिलं होतं. ती पुण्याला नोकरी करते. म्हणाली, “पप्पा, मराठीत काहीही विचारा.” मी पहिला प्रश्न म्हशीच्या कासेला आलेल्या सुजेचा विचारला. त्यानं जे सांगितलं, तेच दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेवढ्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. एक म्हैस बरी झाली आणि मी माणसासाठी त्याच्याकडे गेलो.

मी लिहिलं: बायकोला तीन आठवडे खोकला आहे, गोठ्यात काम करते, धूळ असते, थंडी आहे.

त्याचं उत्तर आलं. सुरुवातीच्या ओळीत धुळीची ॲलर्जी, थंडीचा खोकला असं काही होतं. त्याखाली प्रश्न होते. संध्याकाळी ताप येतो का? वजन कमी झालंय का? घरात कुणाला टीबी झाला होता का? आणि शेवटी, दोन आठवड्यांवरचा खोकला डॉक्टरांना दाखवून घ्या.

मी तिन्ही प्रश्नांना मिळून एकच शब्द लिहिला: नाही.

इथं मला आईबद्दल सांगावं लागेल. दोन वर्षांपूर्वी आई गेली. गावाला मी दमा सांगितला. आईला टीबी होता. नगरला एका खाजगी डॉक्टरांकडे नेऊन मी गुपचूप औषधं चालू केली. तिला उलट्या व्हायच्या. तीन महिन्यांनी तिला बरं वाटायला लागलं, तशा मी गोळ्या बंद केल्या. तिनं परत अंथरूण धरलं, ती उठलीच नाही. गावातल्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम पाहणाऱ्या बाई, एकदा चौकशीला आल्या होत्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करू, म्हणाल्या. मी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. दुधाचं घर आमचं. टीबीच्या घरात दूध कोण आणून घालील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आईचं सगळं अलकानंच केलं. उचलणं, बसवणं, थुंकीचं भांडं. खिडक्या लावून घ्यायला मीच सांगायचो, खोकण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्या बंद खोलीत ती आईजवळ झोपायची.

तर मी ‘नाही’ लिहिलं. मग फोननं ॲलर्जीचंच थोडं अधिक सांगितलं, आणि तरीही डॉक्टरांना दाखवा असं पुन्हा म्हटलं. मी चुलीपाशी जाऊन अलकाला वरच्या दोन ओळी तेवढ्या वाचून दाखवल्या. “हे बघ, धुळीची ॲलर्जी हाय. एवढं मोठं डोकं हाय ह्याचं.”

ती म्हणाली, “व्हय का? मग बरंय.” आणि भाकरी उलटली.

मार्गशीर्षात गावच्या शाळेत क्षयरोग तपासणीचं शिबिर झालं. एक्स-रेचं मशीन एवढंसं, हातात मावणारं. फोटो काढला की लॅपटॉपवर येतो आणि आतलं एआय तो लगेच तपासतं. संशय वाटेल तिथं लाल-पिवळा रंग चढवतं. आशाताईंनी अलकाला हाताला धरूनच नेलं.

अलकाच्या फोटोत उजव्या बाजूला वर लाल डाग उमटला. तिथल्या तंत्रज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, “काकू, कॉम्प्युटरला इथं शंका येतेय. नक्की काही नाही. बेडका तपासू म्हणजे कळेल.” आणि डबी पुढे केली.

मी चिडलो. “एका मिनिटात ह्या डब्याला काय कळतंय? डॉक्टर तरी हाय का इथं?”

रांगेत किसननाना होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “का रं बाळू? तुझं मशीन एका मिन्टात फॅट सांगतंय, तवा आमी गप ऐकायचं. आन् आज तुझ्यावर आलं तर डबा व्हय?”

लोक हसले. मला ते झोंबलं. मी म्हटलं, माझाही फोटो काढा. मी वीस वर्षं बिडी ओढलेली, माझ्या छातीत काहीतरी निघणारच असं मी धरून चाललो होतो. माझा फोटो स्वच्छ आला. झालं. मी जाहीर करून टाकलं, “बिडी ओढणारा चांगला आन् कधी सुपारी न खाणारी आजारी? बिघडलंय तुमचं मशीन.” अलकाच्या हातातली डबी टेबलावर ठेवली आणि तिला घरी घेऊन आलो.

नानांनीही मशीनची परीक्षा घेतली होती, मीही घेतली. पण काहीही निघालं तरी मानायचं, हे ठरवून ते किटल्या घेऊन आले होते. मी घरूनच उत्तर ठरवून आलो होतो. फोननं मला हवं ते सांगितलं, असं मला भासलं, म्हणून तो हुशार. शिबिरातल्या कॉम्प्युटरनं नको ते सांगितलं, म्हणून तो डबा. दोन्ही एआयच होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या दिवशी गावात आणखी दोघांच्या फोटोवर डाग आले. त्यातल्या शाळेच्या शिपायाचा डाग जुना, भरून आलेला व्रण निघाला, टीबी नव्हताच. म्हणजे ते यंत्रही चुकतं. म्हणून तर पुढे डबी होती.

त्यानंतर पाच आठवडे गेले. संक्रांत झाली. एका सकाळी मी केंद्रावर निघायच्या तयारीत होतो. गोठ्यातून खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली आणि मग काहीच नाही. मी धावलो. अलका म्हशीपाशी उकिडवी बसली होती. पदराचा बोळा तोंडाशी, त्यावर रक्त. मी पोचेपर्यंत तिनं अर्धी भरलेली बादली शेणाच्या खड्ड्यात उलटी केली होती.

“हे दूध केंद्रावर न्यायचं न्हाई,” ती म्हणाली. “मी त्याच्यावर खोकलेय.”

तिथून तालुक्याचं रुग्णालय, आणि तो प्रश्न, आणि माझं दुसरं ‘नाही’.

रक्त पडत होतं म्हणून तिला नगरला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. खोकल्यातून रक्त येण्याला डॉक्टर हिमोप्टिसिस म्हणतात. थोडं असलं तरी दोन-चार दिवस नजरेखाली ठेवतात. पहिल्या दिवशी सलाईन, रक्ततपासण्या, पुन्हा एक्स-रे. दुसऱ्या दिवशी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. वजनाप्रमाणे मोजून देतात. वजनकाट्यावर ती अडतीस किलो भरली. काट्यावर उभी असताना तिनं चपला काढल्या नव्हत्या.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना ठरावीक वेळेलाच आत सोडत. बाकी मी व्हरांड्यातल्या बाकावर. माझ्यासारखेच दहा-बाराजण. एक पाथर्डीकडचे ऊसतोडीचे मुकादम होते, त्यांची भावजय आत होती. ते दर तासाला विचारायचे, “तुमच्यावालीनं काही खाल्लं का?” माझ्याकडून ‘हो’ ऐकलं की त्यांना बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अलकाची वेणी घालत होतो. हात वर केला की तिला धाप लागायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, वेणी घालायची वेळ कधी आली नव्हती. तीन पेड कसे घ्यायचे ते ती सांगत होती.

“घट्ट वढा. दावं वळताय का?” ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली.

मग ती म्हणाली, “अहो, त्या फोनला इचारा की, मी बरी व्हईन का.”

“डॉक्टर सांगतील की.”

“डाक्टर घाईत असत्यात. त्याला येळ हाय. इचारा.”

मी ॲप उघडलं. जुनं बोलणं तसंच वर राहतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. अलका सातवी शिकलेली आहे, सावकाश वाचते, ओठ हलवत. मास्कच्या आत तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ताप येतो का. वजन. घरात कुणाला. त्याखाली माझं एका शब्दाचं उत्तर. त्याखाली, डॉक्टरांना दाखवा.

ती वाचून थांबली. पुन्हा वर जाऊन वाचलं.

“म्हंजी ह्यानं इचारलं हुतं.”

“हो.”

“आन् तुमी न्हाई म्हनला.”

“हो.”

“तुमी तर सांगितलं, फोन म्हनतोय ॲलर्जी हाय.”

अर्धवट वेणी तिच्या पाठीवर सुटत चालली होती.

ती म्हणाली, “मला फोनमधलं काय कळतंय? मी तुमच्यावर भरवसा ठिवला हुता.”

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. फोन माझ्या मांडीवर ठेवला. मग विचारलं, “सकाळधरनं काय खाल्लंय का तुमी?” मी मान हलवली. खाल्लं नव्हतं. तिनं उशीखालून डब्यातली चतकोर भाकरी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “खावा. मग डाक्टरला सांगा आईचं. समदं सांगा. वरवरचं नगं.”

ती चतकोर मी तिथंच बसून खाल्ली. मग मी डॉक्टरांच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिलो.

छातीचे डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी सगळं सांगितलं. आईचा आजार, तीन महिन्यांत सोडलेल्या गोळ्या, बंद खिडक्या, परत पाठवलेल्या आशाताई, फोन, फॉर्म. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, “हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.”

मग समजावून सांगितलं. औषधं अर्ध्यावर सोडली की काही जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत, आणि तेच जंतू दुसऱ्याला लागू शकतात. सीबीनॅटमध्ये एका मुख्य औषधाचं कळलं होतं, ते चालणार होतं. बाकीच्यांसाठी एलपीए नावाची तपासणी असते. कोणतं औषध चालेल, कोणतं नाही, हे त्यात समजतं. “नमुना गेलेला आहे,” ते म्हणाले. “पण आता मी अहवालाची नुसती वाट बघणार नाही, मागे लागतो.”

मी विचारलं, “साहेब, आधी आलो असतो तर?”

ते म्हणाले, “आधी आला असता तर रक्त पडायच्या आत औषध सुरू झालं असतं. आता आलात तर आता सुरू झालंय. पुढचं बघा.”

मी एआयबद्दलही विचारलं. विश्वास ठेवावा की नाही? ते हसले नाहीत. म्हणाले, “शिबिरातलं सॉफ्टवेअर फक्त बोट दाखवतं. पक्कं करायचं काम पुढच्या तपासणीचं. आणि तुमच्या फोनला तुम्ही जे सांगाल तेवढंच ठाऊक. मलाही तेवढंच. तुम्ही मलासुद्धा ‘नाही’ म्हणाला असता, तर मीसुद्धा चुकलो असतो.”

आठव्या दिवशी अलकाला घरी सोडलं. तीन आठवड्यांनी एलपीए आलं. गोळ्यांपैकी एक तिच्यावर चालणार नव्हती. डॉक्टरांनी ती काढून दुसरी दिली. आईच्या सुटलेल्या गोळ्या अशा फिरून आमच्याच घरात आल्या होत्या.

मला आणि मुलीलाही तपासून प्रतिबंधक गोळ्या दिल्या. त्या मी अलकासमोर बसून घ्यायचो. ती तिच्या, मी माझ्या. घोट एकाच तांब्यातला, ओतून वेगळ्या पेल्यांत.

एक काम उरलं होतं. ती घरी आल्यावर चौथ्या दिवशी, सकाळची गर्दी असताना, मी केंद्राच्या पायरीवर उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं. माझ्या आईला दमा नव्हता, टीबी होता. मी लपवलं. अलकाला टीबी झालाय, औषधं चालू आहेत. डॉक्टर सांगतील तोवर ती धारा काढणार नाही. ज्यांना इथं दूध घालायचं नसेल त्यांनी खुशाल दुसरीकडे घाला. आशाताई मागे उभ्या होत्या, मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली.

तिघी किटल्या उचलून निघून गेल्या. त्यातली एक परत आली, दोघी अजून आल्या नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही.

किसननाना रांगेत पाचवे-सहावे होते. ते पुढे आले, किटली माझ्यासमोर ठेवली.

“आई लई गुणाची हुती तुझी,” ते म्हणाले. “आमाला सांगितलं असतंस तर आमी काय खाल्लं असतं तिला?” मग किटलीचं झाकण काढलं. “घे सॅम्पल. आन् नीट ढवळ.”

मी पळी तळापर्यंत घातली.

औषधं पुरी झाली. शेवटचा बेडका स्वच्छ आला. अलकाचं वजन शेहेचाळीस आहे. आत घेतलेले ब्लाउज तिनं पुन्हा उसवले, सुईत दोरा मीच ओवला. आशाताईंचे, त्या तंत्रज्ञ बाईंचे, कमी बोलणाऱ्या डॉक्टरांचे आणि व्हरांड्यातल्या त्या मुकादमांचे उपकार आहेत. ज्यांचं नावही मी विचारलं नाही, अशांचे जास्त.

फोनमधलं ॲप मी काढून टाकलेलं नाही. मुलीनं विचारलं तेव्हा म्हटलं, त्याचा काय दोष. ते बोलणंही पुसलेलं नाही. कधीकधी वर जाऊन ते प्रश्न वाचतो.

गेल्या आठवड्यात अलकाचा गुडघा दुखायला लागला. मी सवयीनं फोन काढला आणि लिहायला लागलो, बायको, वय चव्वेचाळीस.

“पंचेचाळीस,” ती ओट्यावरून म्हणाली. “आन् आधी मला इचारा. मग त्याला. मग डाक्टरकडं जाऊ.”

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, कधीपासून दुखतोय?

ती सांगायला लागली. आईला उचलताना एकदा पाय मुरगळला होता, तेव्हापासून. त्या दिवशी मी केंद्रावर होतो. नंतर सांगायचं राहून गेलं. पावसात जास्त दुखतो. जिना नको वाटतो. शिबिराच्या दिवशी शाळेतून मी तिला भराभरा चालवत घरी आणलं, तेव्हाही दुखत होता. आणि असंच बरंच काही, गुडघ्याचं नसलेलंही.

लिहायचं मी केव्हाच थांबलो होतो. फोनचा उजेड आपोआप गेला. तिचं अजून सांगून संपलं नव्हतं.